वाडा राखायचा, पण एकट्या सुनेनं नव्हे

पत्र

नमस्कार. आमचा वाडा नंदगडच्या बाजूला एका खेड्यात आहे. चार पिढ्यांचा. दगडी जोतं, मातीच्या भिंती, सागवानी खांब, मधे चौक. घरात आता मी, मिस्टर आणि सासूबाई एवढीच माणसं. मुलगा हुबळीला शिकतो. थोरले दीर पुण्यात, धाकटे मुंबईत, नणंद निपाणीला दिलेली. या पावसाळ्यात परड्याकडची भिंत खणभर बसली. पंचायतीनं धोकादायक घर म्हणून कन्नडमधून नोटीस दिलीय. थोरले भाऊजी म्हणतात, पाडा आणि लाकूड विका. एक गिऱ्हाईक खांब-दारं बघूनही गेलंय. धाकटे भाऊजी म्हणतात, वाडा पाडलात तर मी पुन्हा गावात पाऊल टाकणार नाही. पण पैशाचं नाव काढत नाहीत. मिस्टरांना स्लॅबचं घर हवंय. खरं सांगते, मलाही कधी कधी तेच हवंसं वाटतं, कारण न्हाणी परड्यात आणि पाणी अजून हातानं न्यावं लागतं. पण सोप्यातल्या, म्हणजे ओसरीतल्या, खांबांना तेलाचा हात फिरवताना वाटतं, हे माझ्या हातून मोडायला नको. मी काय करू?
– खानापूर तालुक्यातली एक सून

उत्तर

ताई, नमस्कार.

पडलेल्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत कोणी झोपत असेल, सासूबाईंची खाट तिथं असेल, तर ती आजच सोप्यात आणा. त्या खोलीच्या माळ्यावर भाताची पोती, हंडे, जळण असेल तर तेही उतरवा. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं समजू नका. भिजलेली माती वाळताना आकसते, भेगा रुंदावतात आणि उघडीप पडल्यावरही भिंत खाली येते. उरलेल्या तुळयांना खालून लाकडी टेकू लावून घ्या. हे काम गावातला सुतार एका दिवसात करील. वाड्याचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, वाडा राखण्यासारखा आहे आणि राखता येण्यासारखाही आहे. पडलीय ती एक भिंत, छप्पर अजून जागेवर आहे. मला खटकलं ते वेगळंच. पत्रात प्रत्येकाचं मत आहे, पण कौल फुटलं तर शिडी कोण लावतं, सारवण कोण करतं, नोटीस कोणाच्या हातात पडली, याचं उत्तर एकच आहे. घराण्याची आठवण सगळ्यांची आणि कष्ट एका सुनेचे, असं चालणार असेल तर वाडा पडलेला बरा, असं मी सरळ म्हणेन. सगळे मिळून राखणार असतील तरच राखा. त्यासाठी काय करायचं ते सविस्तर लिहिते.

नोटिशीपासून सुरुवात करा. कन्नड वाचणाऱ्या विश्वासू माणसाकडून ती पूर्ण वाचून घ्या. उत्तर द्यायची मुदत किती, कोणता भाग धोकादायक म्हटलाय, पूर्ण घर की एक भिंत, हे नीट बघा. मग खानापुरातल्या किंवा बेळगावातल्या एखाद्या सिव्हिल इंजिनियरला घर दाखवून लेखी अहवाल घ्या. धोकादायक भाग रिकामा केला आहे, टेकू दिले आहेत, दुरुस्तीसाठी अमुक महिने मुदत हवी, असा अर्ज अहवालासह कन्नडमध्ये लिहून पंचायतीत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. नोटिशीला उत्तर न देणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. मग जेसीबी दारात आला की धावपळ होते.

भिंत का पडली ते कळल्याशिवाय नवी भिंत उभी करू नका. मातीची भिंत म्हातारी झाली म्हणून पडत नाही, तिला पाणी पाडतं. आपल्याकडच्या घरात पाणी कुठून कुठून शिरतं ते सांगते. एका कोरड्या दिवशी सकाळी हातात बॅटरी घेऊन घरभर फिरा.

आधी वर बघा. चौकाच्या कोपऱ्यात छपराचे दोन पाखे मिळतात, तिथं पत्र्याची पन्हळ असते. वर्षानुवर्षं पाचोळा साचून ती कुजते, आणि तिच्याखालचा कोनवासा आतून भुसभुशीत होतो. खालून त्याचा पत्ता लागत नाही. वाशाचं, तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथं किल्लीनं ठोकून बघा. आवाज बसका आला किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला, तर वाळवी किंवा कूज आहे. म्हणून लगेच अख्खी तुळई बदलायला निघू नका. खराब टोक कापून नव्या सागाचा सांधा देता येतो. जुना सुतार तो सांधा असा जोडतो की त्याच्यावर भार टाकता येतो.

मग कौलं. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं कुठल्या कुठं पसरली. आपल्या खानापूरच्या मातीची कौलंही नावाजलेली. तुमच्या घरावरचं एक कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असेल. ते नाव कागदावर लिहून ठेवा. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. फुटलं तसं मिळेल ते कौल घालत गेलं की छप्पर लांबून धड दिसतं, पण फटींमधून वाऱ्याचा पाऊस आत येतो, थेट भिंतीच्या डोक्यावर. खानापूर तालुक्यातला पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. आजूबाजूला कुणाचं घर पाडताहेत असं कळलं तर तुमच्या छापाची शे-दोनशे कौलं मागून आणा आणि परड्यात रचून ठेवा. वानरं जेवढी फोडतात तेवढी तरी हाताशी हवीत. शाकारणीला माणूस मिळत नाही ही अडचण खरी आहे. एखाद्या बाजूला तात्पुरता पत्रा घालावा लागला तर खुशाल घाला, त्यानं घराची अब्रू जात नाही. निळी ताडपत्री मात्र वर्षानुवर्षं पसरून ठेवू नका. तिच्याखाली लाकूड घामेजतं आणि वाळवीला आयतं घर मिळतं.

आता भिंतीच्या पायथ्याशी या. आपल्या खेड्यांत गल्लीचा रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीटचा होतो, जुन्यावरच नवा थर चढतो. रस्ता वर आला आणि जोतं खाली गेलं. पूर्वी पायरी चढून घरात जायचो, आता उतरावं लागतं, असं किती घरांत झालंय. रस्त्याचं पाणी मग भिंतीच्या मुळाशी उभं राहतं. तुमची भिंत परड्याकडची आहे, म्हणून तिथं शेजाऱ्याच्या नव्या घराचं पागोळ्याचं पाणी येतं का, गटार तुंबतं का, मोरीचं पाणी मुरतं का, ते बघा. भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून उतार काढा, चर खणून पाणी लांब न्या. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड येतात. बुंध्याशी कापत राहा.

तिसरी गोष्ट सांगताना मला राग आवरत नाही, ती म्हणजे सिमेंटचा गिलावा. घर मजबूत व्हावं म्हणून लोक मोठ्या हौसेनं मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट मारतात. मातीची भिंत जमिनीतून ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंटनं ती वाट बंद होते. उन्हाळ्यात रेनकोट घालून बसलेल्या माणसासारखी भिंत आतल्या आत भिजत राहते. वरून गिलावा गुळगुळीत, आतली माती मऊ. एक दिवस भिंतीचं पोट सुटतं आणि गिलाव्याचा पापुद्रा धरून सगळी खाली येते. तुमच्या पडलेल्या भिंतीच्या ढिगात सिमेंटचे पापुद्रे आहेत का बघा. असतील तर कारण सापडलं. उरलेल्या भिंतींवरचं सिमेंट हळूहळू, एकेका खणाएवढं, काढून मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा द्यावा लागेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा या नद्यांकाठी मातीची घरं ढिगानं पडली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं पाच लाखांपर्यंत मदत दिली. गरजवंताला ती मिळालीच पाहिजे होती. पण त्या वर्षानंतर 'मातीचं घर म्हणजे पडणारं घर' हे लोकांच्या मनात पक्कं बसलं, आणि जिथं पूर आलाच नव्हता तिथलीही भक्कम घरं लोकांनी भीतीनं पाडली. पुराचं पाणी दोन-तीन दिवस भिंतीशी उभं राहिलं तर मातीची भिंत टिकत नाही, हे खरं. पण तुमच्या घराला पूर आलेला नाही. हा फरक मिस्टरांना आणि थोरल्या भाऊजींना समजावून सांगा.

पडलेली भिंत त्याच मातीनं पुन्हा बांधता येते. ढीग फेकून देऊ नका. माती चाळून, भिजवून, भाताचं पिंजर घालून तुडवायची आणि काही दिवस मुरवायची. तळाचे दोन-तीन फूट जांभ्या चिऱ्याचे घ्या, म्हणजे खालची ओल मातीपर्यंत सहजी चढणार नाही. गावात साठी-सत्तरीचा एखादा गवंडी असेल, ज्यानं अशा भिंती घातल्यात. त्याला बोलवा आणि एखाद्या तरुण गवंड्याला त्याच्या हाताखाली उभं करा. काम दिवाळीनंतर धरा आणि मृगाच्या आत पूर्ण वाळू द्या.

आता न्हाणीचं. ताई, तुम्ही हे जरा संकोचून लिहिलंय. संकोचू नका. जुन्या घरांच्या थोरवीबद्दल बोलणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, आणि त्या घरांतली गैरसोय बायकांच्या वाट्याला येते. अंधारं स्वयंपाकघर, धूर, बसून भांडी घासायची, रात्री कंदील घेऊन परड्यात जायचं. वाडा राखायचा म्हणजे तुम्ही सासूबाईंच्या काळासारखं जगायचं असं कुणी म्हणत असेल तर त्याला आठवडाभर तुमच्या जागी उभं करा. न्हाणी आणि संडास नवे, पक्के, टाइल्सचे करा, फक्त जुन्या भिंतीला चिकटवू नका. परड्यात हातभर फट सोडून वेगळे बांधा आणि वरून झाकलेली वाट करा. पाण्याची टाकी चुकूनही मातीच्या भिंतीवर किंवा माळ्यावर ठेवू नका. तिचं वजन आणि तिची गळती, दोन्ही घाताचे. स्वयंपाकघरात दोन-चार काचेची कौलं बसवा, उभा ओटा करून घ्या, विजेचं वायरिंग नव्यानं करा. एवढं झालं की मिस्टरांची स्लॅबची ओढ बरीच कमी होईल, असा माझा अंदाज आहे. त्यांनाही उजेड आणि सोयच हवी असणार.

लाकडाच्या गिऱ्हाइकाबद्दल. जुने खांब, नक्षीची दारं, तुळया यांना आता मोठा बाजार आहे. गोव्याकडची हॉटेलं, शहरातले बंगले यांना ती हवी असतात. तो माणूस एक दर सांगेल, पुढं कितीला विकेल ते तुम्हाला कळणारही नाही. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की, या घरात भार खांब आणि तुळया वाहतात. 'एक दिंडी दरवाजा आणि दोन खांब तेवढे द्या' असं तो म्हणेल. चौकट निघाली की वरची भिंत बसते, खांब निघाला की तुळई झुकते. मग घर खरोखरच पाडावं लागतं, आणि उरलेलं लाकूड तो पडेल भावात उचलतो. त्याला आणलाय थोरल्या भाऊजींनी, त्यामुळे तुम्ही परस्पर हाकलून वाईटपणा घेऊ नका. वाटणी झाली नाही तोवर सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणालाच एक खुंटीही विकता येत नाही, एवढंच सांगा.

तसं सांगताही येतं, कारण ते खरं आहे. घराचा उतारा काढा. बहुतेक त्याच्यावर अजून सासऱ्यांचं, कदाचित आजेसासऱ्यांचं नाव असेल. पंचायतीच्या हद्दीतल्या घरांचे उतारे आता ई-स्वत्तू या कर्नाटक सरकारच्या संगणकीय नोंदणीवर मिळतात, त्यात वारसा नोंद झालीय का बघा. आधी रीतसर वाटणी झालेली नसेल तर तिन्ही भाऊ, सासूबाई आणि वन्सं, सगळ्यांचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. या सगळ्यात नणंदबाईंना कुणी विचारलेलंच दिसत नाही. तुम्ही विचारा. निपाणी काही लांब नाही. माहेरच्या घराबद्दल त्यांना काय वाटतं ते ऐकून घ्या. तुमच्या बाजूला एक माणूस वाढेल असं मला वाटतं.

थोरल्या भाऊजींनी आपला हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला तर काय, ही भीती तुमच्या मनात असणारच. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं विकत घेतला, तरी त्याला तुमच्या घरात येऊन राहायचा हक्क नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तसं सांगतं. त्यानं वाटणीचा दावा लावला तर घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेता येतो. ही सोय १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. खानापूरच्या कोर्टातल्या चांगल्या वकिलाला हे विचारून खात्री करून घ्या. मात्र कायदा हातात आहे म्हणून भाऊजींशी भांडायला जाऊ नका. त्यांना पैसे हवे असतील तर ती मागणीही रास्त आहे. धाकट्या भाऊजींना वाडा एवढा प्यारा आहे ना, मग थोरल्यांचा हिस्सा त्यांनी हप्त्यानं विकत घ्यावा. मुंबईत बसून 'पाडू नका' म्हणणाऱ्यानं निदान छपराचा खर्च उचलावा.

सरकार काही करील का? वाट बघू नका. कर्नाटक राज्याचा १९६१ चा स्मारकांचा कायदा जाहीर केलेल्या स्मारकांसाठी आहे, खासगी वाड्याच्या दुरुस्तीचा खर्च त्यातून निघत नाही. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराला पुरातत्त्व खातं आहे. रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्या घरी ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद राहिले होते, म्हणून ते घर रामकृष्ण मिशननं स्मारक म्हणून जपलंय. आपल्या घरात कुणी एवढा मोठा माणूस उतरला नाही. तिथं राहिले ते तुमचे आजेसासरे, त्यांच्या बाळंतिणी, घाटाखालून मीठ-नारळ घेऊन आलेले गाडीवान. नंदगडची पेठ गोव्याच्या व्यापारावर वाढली, हे कळायचं असेल तर एखाद्या स्मारकापेक्षा असा सोपा आणि अशी कोठीची खोली बघून जास्त कळतं. पण ते राखणारं दुसरं कुणी नाही, तुम्हीच पाच-सहा माणसं.

दिवाळीला सगळे येतील. त्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे, प्रत्येक तुळईचे फोटो काढा. मुलाला सुट्टीत टेप घेऊन घराचं माप काढायला लावा, साधा नकाशा चालेल. सासूबाईंना शेजारी बसवून विचारा: कुठल्या खोलीला काय म्हणत, कुठली भिंत कधी घातली, कोठीत काय भरत. ते रेकॉर्ड करा. ट्रंकेत मोडी कागद असतील तर त्यांना लॅमिनेशन करू नका, ऊन देऊ नका. फोटो काढून कोल्हापूर-पुण्याकडच्या मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. घराच्या हद्दी, शेजाऱ्याबरोबरचा पाण्याच्या वाटेचा करार, असं काहीही त्यात निघू शकतं, आणि ते आजच्या वादात उपयोगी पडतं.

मग लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सोप्यात बसवा. वन्संनाही बोलवा. इंजिनियरचा अहवाल आणि दोन अंदाजपत्रकं पुढं ठेवा, एक दुरुस्तीचं, एक पाडून बांधायचं. दुसऱ्यात पाडायचा, ढिगारा वाहून न्यायचा आणि तेवढ्या दिवसांच्या भाड्याच्या घराचा खर्चही धरा, तो कुणी धरत नाही. नुसत्या भावनेवर बोलणं नको. प्रत्येकानं वर्षाला किती द्यायचं, शाकारणीची जबाबदारी कुणाची, घर कुणाच्या ताब्यात, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढं वाटणीपत्र करायचं ठरलं तर ते रजिस्टर करा. आणि एक अट तुम्ही स्वतः घाला, संकोच न करता: दुरुस्तीच्या पहिल्या पैशातून न्हाणी होणार.

अख्खा वाडा राखायला पैसे पुरले नाहीत तर अर्धा राखा. सोपा, माजघर, देवघर आणि चौक, एवढं छप्पर नीट झालं तरी पुष्कळ. मागची पडीक खोली उतरवून तिचं लाकूड आणि कौलं पुढच्या दुरुस्तीला वापरा. त्यात कमीपणा नाही. पूर्वीही घराणं वाढलं की खण वाढत आणि माणसं कमी झाली की मागची खोली उतरवत.

सगळ्यांनी मिळून 'पाडायचं' असंच ठरवलं, तर तो दोष तुमच्या माथी घेऊ नका. तेव्हाही जेसीबी आधी लावू देऊ नका. खांब, दारं, कौलं हातानं उतरवून, त्यांवर रंगानं आकडे टाकून, नव्या घरात वापरा. सागवानी चौकट नव्या भिंतीतही पन्नास वर्षं काढील.

आत्ता एवढंच करा: सोमवारी पंचायतीत जाऊन नोटिशीच्या उत्तराची मुदत पाहा. आणि उरलेल्या भिंतीला वरून ओळंबा सोडून, बाजूनं फोटो काढून मला पाठवा. पोट किती सुटलंय ते बघून टेकू कुठं वाढवायचे ते कळवते.